बंदिवान आणि राज्यघटना

मराठी वाङ्मयावर तुरुंगाचे ऋण मोठे आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कारागृहात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती तेथेच उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. या पुस्तकांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण तुरुंगात लिहिलेले कागद तुरुंगाच्या दाराबाहेर कोणाच्या हुकमाने आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. टिळकांची सुटका झाली तेव्हा त्यांच्या हस्तलिखिताच्या वह्या सरकारजवळच राहिल्या होत्या. त्या मागाहून परत मिळाल्या म्हणून १९१५ मध्ये ग्रंथ छापून झाला. मिळाल्या नसत्या, तर दाद मागायला जागा नव्हती. परकी सरकारच्या मर्जीचा तो भाग होता, आणि मर्जीवर अपील चालत नाही.

नेमका हाच प्रश्न स्वतंत्र भारतात एका मराठी पुस्तकाच्याच निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ही हकीकत मात्र आपल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणामुळे देशात आणीबाणी पुकारली गेली आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत डाव्या चळवळीतील एक कार्यकर्ते, प्रभाकर पांडुरंग संझगिरी, हे होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात असताना त्यांनी सरकारच्या परवानगीने एक मराठी पुस्तक लिहून पुरे केले. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लिहायला परवानगी होती. लिहिलेले बाहेर नेण्यापाशी घोडे अडले. हस्तलिखित प्रकाशनासाठी पाठवू द्यावे असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. मार्च १९६४ मध्ये तो फेटाळला गेला. मग तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला, तोही फेटाळला गेला. तेव्हा संझगिरींनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. विषय निव्वळ शास्त्रीय होता; त्यायोगे देशाचे संरक्षण किंवा सार्वजनिक शांतता धोक्यात येण्यासारखे काही नव्हते. हस्तलिखित बाहेर जाऊ द्या, असा हुकूम झाला. त्यावर सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले.

अणूवरच्या एका पुस्तकासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे सरकारला काय कारण होते? कारण असे की, प्रश्न पुस्तकापुरता उरला नव्हता. सरकारचे म्हणणे थोडक्यात असे होते: स्थानबद्धांना कसे ठेवावे याविषयी १९५१ चा एक आदेश आहे, पत्रे किती, भेटी किती, हे त्यात सांगितले आहे, बंद्याला ज्या सवलती आहेत त्या एवढ्याच. पुस्तक छापावयास पाठविण्याची सवलत त्यात कोठेही नाही, म्हणून ती त्याला नाही. शिवाय राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अशा स्थानबद्धांना कलम २१ खाली न्यायालयात येण्याचीच मनाई होती.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९६५ रोजी हे दोन्ही मुद्दे नाकारले. निकालपत्र न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे आहे. त्याचा आशय असा की, सरकार ही यादी उलटी वाचीत आहे. तो आदेश सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहे. ज्या गोष्टीवर त्यात निर्बंध घातलेला नाही, ती गोष्ट बंद्यापाशी होती आणि अजूनही आहे. आणि नियमांच्या बाहेर जाऊन केलेल्या कृत्याला राष्ट्रपतींच्या आदेशाचे कवच मिळत नाही. जे कृत्य नियमांना धरून असेल त्यालाच ते मिळते. सरकारचे अपील फेटाळले गेले.

माझ्या मते बंदिवानांच्या हक्कांविषयी आपल्या देशात पुढे जे काही झाले, त्याचे बीज या छोट्याशा निकालात आहे. खेड्यातल्या माणसालाही ते समजावून सांगता येईल. शेत गहाण टाकले म्हणून घर गहाण पडत नाही. गहाणखतात जे लिहिले असेल तेवढेच सावकाराच्या ताब्यात जाते, आणि अमुक वस्तू गहाण आहे हे सावकाराने दाखवून द्यावे लागते. शिक्षा हे तसलेच एक खत आहे. न्यायालय माणसाचे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य काढून घेते, त्याला कुटुंबापासून दूर ठेवते, सक्तमजुरी असेल तर कामाला लावते. त्याखेरीज त्याचे जे आहे ते त्याचेच राहते, आणि ते कोणत्या कायद्याने काढून घेतले हे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने दाखवावे लागते. आपल्याला अमुक हक्क आहे हे बंद्याने सिद्ध करीत बसायचे नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. ज्याने दुसऱ्याचा जीव घेतला, घर लुटले, त्याच्या हक्कांची चिंता आपण का वाहायची? त्याने ज्याला नाडले त्याच्या हक्कांचे काय? हा प्रश्न खरा आहे. परंतु तो विचारताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, गुन्ह्याचे माप घेऊन शिक्षा ठरविण्याचा अधिकार आपण न्यायाधीशाला दिला आहे, रखवालदाराला नाही. न्यायाधीशाने पाच वर्षांची सजा दिली आणि रखवालदाराने तीत रोजच्या दोन काठ्या आपल्या पदरच्या घातल्या, तर त्या दोन काठ्यांना कोणत्याही कायद्याचा आधार नाही. दुसरी गोष्ट आकड्यांची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अजून शाबीतच व्हावयाचा होता. म्हणजे चारांतले तीन. आपल्या बोलीत त्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. त्यांतले कितीतरी जण पुढे निर्दोष सुटणार असतात, आणि कोण सुटणार हे तुरुंगाच्या भिंतीला आधी कळत नाही.

आता आपली घटना याविषयी काय म्हणते? मूलभूत हक्कांच्या भागात बंदिवानांसाठी स्वतंत्र कलम नाही. तसे ते नसणेच अर्थपूर्ण आहे. कायद्यापुढे समानता सांगणारे कलम १४, आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करणारे कलम २१, ही दोन्ही ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांवर उभी आहेत. तुरुंगाच्या दारातून आत गेल्यावर माणूस ‘व्यक्ती’ राहत नाही, असे घटनेने कोठेही म्हटलेले नाही.

तथापि मूळ मसुद्यातील हे कलम पुरेसे बळकट नव्हते, अशी रुखरुख घटना समितीतच अनेकांना होती. ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीने’ माणसाचे स्वातंत्र्य घेता येईल, एवढेच त्यात होते. आणि कायदा तर विधिमंडळ हवा तसा करील! समितीतील कितीतरी सभासद स्वतः तुरुंग भोगून आलेले होते. त्यांना हे कळायला पुस्तके वाचावी लागत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही उणीव ओळखली, आणि १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी समितीपुढे एक नवे कलम ठेवले. मागील कलमाने जे निसटले त्याची थोडीफार भरपाई करण्याचा हा यत्न आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. तेच आजचे कलम २२. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला यातून सवलत दिली गेली, आणि त्या सवलतीवर तेव्हा टीकाही पुष्कळ झाली. ती टीका रास्त होती, असे मला वाटते.

बाबासाहेबांची शंका खरी ठरायला वर्षही लागले नाही. १९५० मध्ये मद्रासच्या तुरुंगातून कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, विधिमंडळाने केलेल्या कायद्यात कार्यपद्धती सांगितली असली की पुरे. ती न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नाही. न्यायमूर्ती फज़ल अली यांनी वेगळे मत नोंदविले होते, पण ते एका बाजूला पडले. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने ती भूमिका सोडली आणि कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असलीच पाहिजे असे ठरविले. दरम्यान १९७५ ची आणीबाणी येऊन गेली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्याचाही हक्क नाकारला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा होता असे २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट म्हटले, आणि ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड त्यांचेच चिरंजीव होते. त्या काळरात्रीविषयी यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तेथे अधिक थांबत नाही. एवढेच सांगतो की, त्याच थोरल्या चंद्रचुडांनी १९७४ मध्ये, विशाखापट्टणच्या तुरुंगातील नक्षलवादी बंद्यांच्या अर्जावर, केवळ शिक्षा झाली म्हणून माणसाचे सर्व मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले होते. अर्जदार तो अर्ज हरले. तत्त्व मात्र टिकले. न्यायालयांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

आणीबाणी उठल्यानंतरची दोनतीन वर्षे या विषयात फार मोलाची आहेत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात होते. वकील असताना १९४८ मध्ये त्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता, आणि १९५७ नंतर केरळात मंत्री म्हणून तुरुंगखातेही सांभाळले होते. तुरुंग आतून आणि वरून अशा दोन्ही अंगांनी पाहिलेला न्यायाधीश विरळाच.

१९७८ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगातील दोन बंद्यांचे अर्ज घटनापीठापुढे आले. एक सुनील बात्रा. त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि अपील व्हावयाचे असतानाच त्याला एकांतकोठडीत टाकले होते. दुसरा चार्ल्स शोभराज. त्याच्या पायांत रात्रंदिवस दंडाबेडी होती, आणि तो त्या वेळी कच्चा कैदीच होता. तुरुंगाचा आधार १८९४ च्या कारागृह अधिनियमाचा. न्यायालयाने सांगितले की, एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे. ती द्यावयाची तर न्यायालयाने द्यावी, तुरुंगाने नव्हे. शिवाय अपिले आणि दयेचा अर्ज यांचा शेवट लागेपर्यंत माणूस ‘फाशीचा कैदी’ होतच नाही. दंडाबेडीसाठीही ठोस कारण लागेल, ते लिहून ठेवावे लागेल, आणि चोवीस तास ती ठेवता येणार नाही. हे दोघे काही लोकांच्या सहानुभूतीला पात्र ठरणारे पुरुष नव्हते. शोभराजचे नाव तर जगभरच्या पोलीस दप्तरांत होते. परंतु कायद्याची परीक्षा अशाच माणसांवर होते. सज्जनांचे हक्क राखायला घटनापीठ लागत नाही.

पुढच्या वर्षी याच बात्राने एक पत्र लिहिले. स्वतःसाठी नाही. त्याच तुरुंगातील दुसऱ्या एका बंद्याकडून पैसे उकळण्यासाठी एका रखवालदाराने त्याला अमानुष इजा केली होती; ती हकीकत त्याने कशीबशी कागदावर उतरवून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींकडे धाडली. ना मुद्रांक, ना वकील, ना ठरावीक नमुना. न्यायालयाने ते पत्र हाच बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज मानला, चौकशीला वकील नेमले, आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्या, जिल्हा न्यायाधीशांनी स्वतः जाऊन बंद्यांचे ऐकून घ्यावे, बंद्यांना त्यांचे हक्क सांगणारी पुस्तिका काढावी, असे त्यात सांगितले आहे. साध्या पत्राची अशी दखल घेतली जाते हे कळल्यावर देशभरच्या तुरुंगांतून पत्रे येऊ लागली.

एक कागद आत येण्याचीही कथा आहे, आणि ती महाराष्ट्रातील आहे. विद्यापीठाच्या पदव्यांची खोटी प्रमाणपत्रे तयार करण्याच्या आरोपावरून होसकोट नावाच्या एका प्राध्यापकाला मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तीन वर्षांची सजा दिली. सर्वोच्च न्यायालयात त्याचा अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, सजा भोगून संपल्यावर. उशीर का झाला? निकालाची प्रत मला तुरुंगात मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे. आम्ही दिली होती, असे तुरुंगाचे. प्रत मिळाल्याची त्याची सही मात्र कोठे नव्हती. न्यायालयाने अर्ज फेटाळला, कारण खटल्यात दम नव्हता. पण ऑगस्ट १९७८ च्या त्या निकालात असे ठरले की, शिक्षा झालेल्या प्रत्येक माणसाला निकालाची प्रत विनामूल्य व तत्काळ द्यावी, तुरुंगाने ती पोहोचल्याची लेखी पावती घ्यावी, आणि त्याला ऐपत नसेल तर अपिलासाठी सरकारने वकील द्यावा. अपिलाचा हक्क कायद्यात असून उपयोग काय, जर अपील कशावर करायचे तो कागदच कोठडीत पोहोचत नसेल?

आणि दाराबाहेर जाणारा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सुटकेचा हुकूम. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने रुदुल साह याला ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरविले. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षे! सरकारचे म्हणणे, तो वेडा होता. पण त्या म्हणण्याला आधार सापडला नाही. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी, आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये भरपाई त्याला द्यावी असा हुकूम केला. मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सरकारला पैसे भरावयास लावले, ही गोष्ट तेव्हा नवीन होती. रक्कम पाहिली की मन खिन्न होते. पण दिवाणी दावा लावून अधिक मागण्याची वाट त्याला मोकळी ठेवली होती.

रुदुल साह हा एकटा नव्हता. जानेवारी १९७९ मध्ये, नागपूरजवळच्या कामठी येथे जन्मलेले एक ज्येष्ठ पोलीस अधिकारी, के. एफ. रुस्तमजी, यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये लेख लिहिले. ज्या गुन्ह्याला फार तर काही महिन्यांची सजा झाली असती, त्यासाठी माणसे खटल्याची वाट पाहत वर्षानुवर्षे बसली होती. कित्येकांना जामीन मंजूर होत होता, पण जामीनदार आणायचा कोठून? वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांवरून अर्ज केला. हुसैनारा खातून खटला तो हाच. खटला लवकर चालणे हाही कलम २१ मधील हक्क आहे, असे त्यात न्यायमूर्ती भगवती यांनी ठरविले. पोलीस खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने हे लेख लिहिले, याचे मला विशेष वाटते.

पुढे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-बंद्यांशी बोलून, त्यांतील पाचजणींना पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे न्यायालयाला कळविले. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि तेथे स्त्री-शिपाई हवेत, हा दंडक त्यातून आला.

अगदी अलीकडची घटना ऑक्टोबर २०२४ ची आहे, आणि तिच्यापुढे आपण सर्वांनीच मान खाली घालावी अशी ती आहे. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत, घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली तरी, सफाईचे काम अमुक जातींच्या बंद्यांना द्यावे आणि स्वयंपाकाला ‘योग्य’ जातीचा माणूस लावावा, असे लिहिलेले होते. पश्चिम बंगालच्या नियमांत तर जातींची नावेच होती. म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा एक, आणि जन्माने मिळालेली दुसरी. पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ही कलमे घटनाबाह्य ठरविली आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितले. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ चा, आणि वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या कलम २३ चा आधार त्या निकालाला आहे. छापील नियम बदलणे सोपे आहे. बराकीत सकाळी झाडू कोणाच्या हाती दिला जातो, हे मात्र छापील पानावर दिसत नाही.

सगळेच निर्णय बंद्यांच्या बाजूचे झाले असे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील माणसाला तेवढी मोकळीक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे कलम वैध ठरविले. गंमत अशी की, निवडणुकीला उभे राहता येते. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून लोकसभेवर निवडून आले. कच्च्या कैद्याने स्वतःसाठी मते मागावी आणि स्वतः मात्र देऊ नये, यातले तर्कशास्त्र मला उमगलेले नाही. जामीनदार मिळाला म्हणून बाहेर असलेला आरोपी मत देतो. न मिळाल्यामुळे आत राहिलेला देऊ शकत नाही. दोघांतला फरक गुन्ह्याचा नाही, पैशाचा आहे.

हा पैशाचा प्रश्नच आज सर्वांत कठीण आहे. २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांत शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस माणसे होती. झोपायला कूस बदलण्यापुरती जागा नाही, तेथे कलम २१ चे काय होते, हे न्यायालयाच्या निकालपत्रात वाचून कळणार नाही. कायद्याने काही वाटा मोकळ्या केल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल सजेच्या निम्मा काळ आत गेला की कच्चा कैदी जामिनाला पात्र होतो. पूर्वी कधी शिक्षा न झालेला असेल तर एकतृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल, अथवा अंगावर एकाहून अधिक खटले असतील, तर ही सवलत नाही. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळविणे हे तुरुंगाच्या अधीक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे.

जामीन मिळाला तरी कागद वेळेवर पोहोचावा लागतो. आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे हुकूम टाकण्यासाठी पेटी असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात हुकूम वेळेत तेथे पडला नाही म्हणून एका तरुणाला आणखी एक रात्र आत काढावी लागली, आणि देशभर त्याची चर्चा झाली. ज्यांची चर्चा होत नाही त्यांच्या अशा रात्री मोजायला कोण बसले आहे? पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपले हुकूम विजेच्या वेगाने तुरुंगात पोहोचविण्याची यंत्रणा उभी केली. ३१ जानेवारी २०२३ रोजी असेही सांगितले की, जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-पत्राने तुरुंगाकडे जावी, आणि सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाला कळवावे.

या प्राधिकरणाविषयी दोन शब्द, कारण श्रोत्यांपैकी कोणाला ते उपयोगी पडतील. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे, ताब्यात असलेल्या कोणत्याही व्यक्तीला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. मुंबई असो, इंदूर असो की बेळगाव, जिल्हा न्यायालयाशी संलग्न असे या प्राधिकरणाचे कार्यालय असते. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो. अर्जात बंद्याचे पूर्ण नाव, तुरुंगाचे नाव, पोलीस ठाणे आणि गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक घालावा. अटकेची तारीख विसरू नये. कलम ४७९ ची मुदत मोजताना पहिल्यांदा तीच विचारली जाते.